अर्ध्या मीटरची काठी

भाची आवाजाच्या तपासणीत पास झाली, तर मामाला तीन गोष्टी मिळणार होत्या. थोरली बहीण त्याच्याशी पुन्हा बोलायला लागणार होती. बायकोचे टोमणे थांबणार होते. आणि भाची त्याला 'तपासनीस साहेब' म्हणायचं सोडून मामा म्हणणार होती. नापास झाली, तर यातलं काहीही नाही, वर आणखी एक वर्ष अबोला.

गेल्या वर्षी त्याने तिला एका डेसिबलसाठी घरी पाठवलं होतं. तेव्हापासून ताईचे निरोप मामीच्या फोनवर येत: "तुझ्या त्या मोजणाऱ्याला सांग, आईचा चष्मा झालाय, घेऊन जा म्हणावं."

मातीच्या चढउतारांवर मोटरसायकली उडवायचं ते मैदान. आजच्या शर्यतीतले पहिले पाच जण क्लबच्या संघात जाणार होते. तपासणी अकराला बंद. मामाचं काम सोपं होतं: इंजिन ठरलेल्या वेगाने फिरवायचं, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर तिरका माइक धरायचा आणि आकडा वाचायचा. शहाण्णवच्या वर गेला की बाइक बाजूला. अंतर मोजायला त्याने जुन्या हँडलच्या नळीची काठी केली होती, आणि ती तो इतक्या भक्तिभावाने वापरी की मैदानावर सगळे त्यालाच 'अर्धा मीटर' म्हणत.

या वेळी तपासणीला एक पाहुणी होती. कुंपणाला लागून घर असलेल्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दर शर्यतीनंतर त्या क्लबला सुवाच्य अक्षरात तक्रार लिहीत. शेवटी क्लबने कळवलं, या आणि स्वतः बघा. बाई घडीची खुर्ची घेऊन आल्या, मामीच्या चहाच्या टेबलाशेजारी बसल्या आणि एकतीस बाइकी बघितल्या.

एकतिसावी भाचीची. मामाने काठी लावली, माइक धरला, मीटर बघितला. शहाण्णव. काठावर, पण आत.

"झाली पास," तो म्हणाला, आणि आवाज कोरडा ठेवायच्या नादात खोकला.

"थँक्यू, मामा," भाची म्हणाली. एक वर्षाचा हिशोब एका शब्दात निम्मा मिटला.

तेवढ्यात बाई उठल्या. "काठी केवढी आहे?"

"अर्धा मीटर."

"तुम्ही सांगताय तेवढी की आहे तेवढी?" बाईंनी पर्समधून शिवणाची टेप काढली. काठी आडवी धरून टेप लावली, आणि भाचीला बोलावलं. "वाच गं."

भाचीने वाचलं. पुन्हा वाचलं. "सत्तावन्न, बाई."

घडलं होतं ते असं. सायलेन्सरला ओरखडा पडू नये म्हणून मामाने काठीच्या टोकाला म्हाताऱ्यांच्या काठीला असतं तसं रबरी बूच लावलं होतं. ते तापून वितळलं की जुनं ओढून काढायचा कंटाळा, म्हणून तो त्यावर नवं चढवी. गेल्या शर्यतीपासून तर त्याने दोन चढवली होती. माइक लांब गेला की आकडा कमी येतो. काठी वाढत गेली आणि मैदान कागदावर शांत होत गेलं.

मामीने चहाची किटली खाली ठेवली. "आता?"

"मी काही लिहून देणार नाही," बाई म्हणाल्या. "उत्तर तुमचं, तपासा तुम्हीच."

मामाने भाचीकडे बघितलं नाही. चाकू घेतला, एकामागून एक बुचं सोलली, टेपने खात्री केली. "सगळ्या बाइकी परत आणा," तो म्हणाला. "सुरुवात हिच्यापासून."

सत्त्याण्णव.

"छान," भाची म्हणाली. "आता आईला तुम्हीच सांगा, तपासनीस साहेब."

आणखी दोन बाइकी अडकल्या. सायलेन्सरच्या आत भोकं पाडलेल्या नळीभोवती काचतंतूची लोकर असते. ती जळून विरली की आवाज वाढतो. त्या दोघांकडे सुटी लोकर होती, ते भरायला बसले. भाचीने आपलं खोकं उघडलं, तर लोकर नाही. तिने घरी फोन लावला.

"आई, माझ्या खोक्यातली पांढरी लोकर कुठंय?"

"ती? टाकून दिली. हाताला काय खाज सुटते तिने. का गं, मोजणाऱ्याने पुन्हा काही काढलं का?"

भाचीने फोन मामाच्या कानाला लावला. "ताई," मामा म्हणाला, "मी काढलं, आणि तू टाकलंस." पलीकडे एवढी शांतता पसरली, की मीटरवर मोजली असती तर बाईंनी फ्रेम करून लावली असती.

साडेदहा वाजले होते. बाईंनी उघड्या सायलेन्सरमध्ये डोकावलं. "यात तारेची घासणी चालेल का?"

"तात्पुरती चालते," मामा म्हणाला. "पण नियमाप्रमाणे मी हिच्या बाइकला हात लावू शकत नाही."

"मला कुठला नियम आहे?" बाई म्हणाल्या, आणि कुंपणाच्या फाटकातून घरी जाऊन चार कोऱ्या घासण्या घेऊन आल्या. मामीने चहाच्या टेबलाखालच्या तीन काढल्या. एक वापरलेली होती, ती मामाने नियम न दाखवता नजरेआड केली. बाई नळीभोवती तार गुंडाळत होत्या, भाची स्क्रू पिळत होती, आणि मामा हात पाठीमागे बांधून सूचना देत होता, त्याही आकाशाकडे बघून.

अकराला सहा मिनिटं कमी असताना मीटरवर पंच्याण्णव आले.

भाची चौथी आली. चिखलाने माखलेलं हेल्मेट काढून ती आधी बाईंकडे गेली. "बाई, आवाज कसा होता?"

"होताच," बाई म्हणाल्या. "पण झोपायचंच म्हटलं तर दुपारचा डोळा लागेल इतपत."

आता हिशोब. भाचीला संघ मिळाला, मामाला पुन्हा मामा ऐकायला मिळालं. ताईने त्याला स्वतःहून फोन केला आणि पाऊण तास सोडला नाही. बाईंच्या चार घासण्या गेल्या, आणि या शर्यतीची तक्रार लिहायची राहिली. मामाचे सात सेंटिमीटर गेले.

आणि मामी त्या संध्याकाळी दुधाचं करपलेलं पातेलं चमच्याने खरवडत बसली.