रुपयाचं रूप

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी रत्नप्रभाबाई न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. जोगेश्वरीच्या त्या दोन खोल्यांत आता सगळं सुनेवर आलं. सून जया मुलानं, नंदूनं, स्वतः पसंत केलेली, बौद्धांची. लग्नाला वर्ष झालं होतं. तिच्या हातचं रत्नप्रभाबाई जेवत होत्या, पण देवघराला तिला हात लावू दिला नव्हता. जयानंही कधी विचारलं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्या डाव्या हातानं चांदीचा जुना रुपया घासायला बसल्या. तो तीनदा हातातून निसटला. शेवटी त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "गो जया, जरा हा घासून दे."

जयानं दात घासायची पांढरी पावडर घेऊन रुपया चोळला, धुतला, पुसला.

"आई, ह्याच्यावर काहीच दिसत नाही."

"राजाचं डोकं होतं. माझ्या सासूनं घासलं, मग मी. गेलं झिजून. छापच नाही, त्याला आता रुपया तरी कसं म्हणायचं?"

"रूप म्हणजे आकार ना," जया म्हणाली. "चांदीला घडवून, ठसा मारून रूप दिलं, ते रूप्य. त्यावरून रुपया. पण पुढे नुसत्या चांदीलाही रूप्यच म्हणायला लागले. कॉलेजात मला पाली होती, त्यातही रूपिय आहे."

"तुमच्या पोथीत रुपया?"

"आहे ना! भिक्षूंनी तो घ्यायचा नाही, असा नियम आहे."

रत्नप्रभाबाईंना हसू फुटलं. "घ्यायचाच नाही, तर नाव कशाला काढलं गो?"

जयाही हसली. हसू ओसरल्यावर रत्नप्रभाबाईंनी मानेनंच पाटाकडे खूण केली. "ठेव तिथे. तांदळावर."

जया जागची हलली नाही. "आई, पूजा मी करत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"पूजा कर म्हटलं कोणी तुला? हात माझा मोडलाय. ठेव."

जयानं रुपया हलकेच तांदळावर ठेवला आणि बाजूला झाली. दिवेलागणीला रत्नप्रभाबाईंनी डाव्या हातानं कुंकू वाहिलं, ते निम्मं पाटावर सांडलं. जयानं न विचारताच ते फडक्यानं पुसून घेतलं. मनात जे खटकायला हवं होतं, ते खटकलं नाही, याचंच रत्नप्रभाबाईंना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची प्रेमा फराळाचं ताट घेऊन आली, तर रत्नप्रभाबाई तिला दारातच थांबवून विचारू लागल्या, "रुपयाला रुपया का म्हणतात, ठाऊक आहे तुला? बस, आमच्या जयाला बोलावते. ती नीट सांगेल."