किमान पंचावन्न

भिवंडीजवळच्या टेमघरच्या तळ्याकाठी बाग आहे आणि बागेत लहान मुलांची गाडी आहे. तिचे रूळ तळ्याला एक फेरी मारून जिथून निघाले तिथेच परत येतात. डबे अडीच. तिसरा डबा अर्धाच का, तर तो बनवताना पत्रा संपला. इंजिन एका मोडीत काढलेल्या टमटमचं, पण आवाज अख्ख्या मालगाडीचा. भिवंडी रोड स्टेशनातल्या एका मालगाडीने या गाडीला शिटी देऊन उत्तर दिलं होतं, असं टेमघरची माणसं शपथेवर सांगतात.

तर २००७ साली ही गाडी बंद पडायची वेळ आली. बिघाड इंजिनात नव्हता, पाटीत होता.

फाटकाशी हिरव्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : 'चालकाचे किमान वय ५५ वर्षे.' म्हणजे पंचावन्नच्या आतल्या माणसाने इंजिनाला हात लावायचा नाही. खऱ्या रेल्वेत अठरा पूर्ण झाली की सहायक चालकाचा अर्ज भरता येतो. टेमघरच्या अडीच डब्यांना मात्र नातवंडं खेळवलेला माणूसच लागे.

जागा आणि गाडी भाऊंनी दिली होती. भाऊ म्हणजे इथले जुने जमीनदार. शेलार गावापर्यंत त्यांची खाजणं होती, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, जिथे आता गोदामं आहेत. पाटी लागायच्या आठ दिवस आधी ते वारले. त्यामुळे असा नियम का, हे विचारायचं राहून गेलं, आणि राहून गेलेल्या प्रश्नाला लोकांनी आपापलं उत्तर शोधलं. भाऊंनी ज्येष्ठांचा मान राखला, असं ठरलं. दर पुण्यतिथीला भाऊंचा मुलगा केसरीनाथ, जो आता बाग सांभाळणाऱ्या ट्रस्टचा अध्यक्ष होता, यावर भाषण करायचा आणि गाडीचा ड्रायव्हर अनंता याच्या खांद्यावर शाल घालायचा. सहा वर्षांत सहा शाली झाल्या. अनंताच्या बायकोने, बायजाबाईने, त्यांची गोधडी शिवली.

खरं काय ते एकट्या अनंताला ठाऊक होतं.

अनंता जॉबर होता, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग, इथल्या भाषेत लूम, दुरुस्त करणारा. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला माणसाचं बोलणं कमी ऐकू यायचं, पण चार गल्ल्यांपलीकडच्या लूमचा कुठला स्क्रू ढिला आहे ते घरी जेवताना कळायचं. २००१ साली त्याचा कारखाना बंद झाला. वय सत्तावन्न. त्या वयाच्या जॉबरला कोणी दारात उभं करेना. अशात बागेच्या फाटकाशी पेंटर पाटी लिहायला बसलेला त्याला दिसला.

पेंटर जौनपूरचा, नाव रामदरस. त्याच्या हातात भाऊंच्या अक्षरातला कागद होता. कागदावर लिहिलं होतं : 'चालकाचे कमाल वय ५५ वर्षे.' कमाल, म्हणजे जास्तीत जास्त. अनंताने ते वाचलं आणि दोन वर्षांनी आपली नोकरी हुकली हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने रामदरसला एक कटिंग चहा पाजला आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, की ये कमाल कौनसी भाषा है?

रामदरस गोंधळला. त्याच्या लेखी कमाल म्हणजे वाहवा. भाऊसाहेबांनी ड्रायव्हरच्या वयाची वाहवा का करावी, हे कोडं त्यालाही पडलं होतं. अनंता म्हणाला, मराठीत असा शब्दच नाही, म्हातारा माणूस, लिहिताना चुकला असेल. मराठीत वयाला किमान म्हणतात. रामदरसला ते एकदम पटलं, कारण भिवंडीतल्या कारखान्यांबाहेर 'किमान वेतन' अशा दीड-दोनशे पाट्या त्यानेच रंगवल्या होत्या. हात त्या शब्दावर बसलेला. त्याने किमान लिहिलं, कागद भाऊंच्या घरी परत नेऊन दिला, आणि पंधरा दिवसांनी अनंता इंजिनावर बसला. पंचावन्नच्या पुढचा दुसरा कोणी आलाच नाही.

गाडी त्याने चांगली चालवली. हळू चालवली, एवढंच. एक शेळी दुसऱ्या डब्यात चढायची, तळ्याच्या पलीकडच्या अंगाला उतरून पोटभर चरायची आणि मागून चालत येऊन पुन्हा त्याच डब्यात बसायची. मुलगा गाडीत चढला तेव्हा चड्डी गुडघ्याखाली होती आणि उतरला तेव्हा गुडघ्यावर, अशीही एका बाईची तक्रार होती. ती ट्रस्टने फेटाळली.

सहाव्या वर्षी अनंताला मोतीबिंदू झाला. पाण्याच्या काळ्या टाकीला म्हैस समजून त्याने दहा मिनिटं शिटी वाजवली. टाकी हलेना तेव्हा खाली उतरून तिच्या पाठीवर थाप मारली आणि हाताला गार लागलं तसा तिथेच बसला. त्या दिवशी त्याने किल्ली ट्रस्टकडे दिली.

त्याच्या मनात एकच होतं. किल्ली सुकन्याच्या हातात जावी.

सुकन्या त्याची मुलगी, चोवीस वर्षांची. आयटीआयला डिझेलचं काम शिकलेली, नाशिक हायवेच्या एका गॅरेजात ट्रक खोलायची. बागेच्या इंजिनाचा प्रत्येक नट तिने दर रविवारी हाताळलेला. क्लच तिने बदलला, ब्रेक तिने बसवला, शिटीसुद्धा तिनेच ट्रकचा भोंगा कापून बनवली. चालवायची तेवढी तिला बंदी, कारण पाटी. रेल्वेचा अर्ज तिने दोनदा भरला होता आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिली होती. ती घरी कधी कुरकुरली नाही. फक्त एकदा म्हणाली, "बाबा, खऱ्या गाडीला मी चालते वयाने. खेळण्यातल्या गाडीला अजून एकतीस वर्षं लहान आहे."

अनंताला तो आकडा जेवताना दिसायचा.

ट्रस्टने दिवाळीपर्यंत मुदत घातली. ड्रायव्हर मिळाला तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात. पंचावन्नच्या पुढचे तिघे येऊन गेले. एक बसल्या जागी झोपला. दुसऱ्याला डिझेलच्या वासाने शिंका यायच्या आणि प्रत्येक शिंकेला पाय ब्रेकवर. तिसरा अर्ध्या वाटेत ओळखीचा माणूस दिसला म्हणून उतरून गेला, गाडी पुढे एकटी आली. शेवटी ट्रस्टने वय खाली आणायचं ठरवलं आणि गाडीच्या शेडमध्ये बैठक बोलावली. निर्णय झाला की लगेच आकडा बदलायचा म्हणून रामदरसला डबा आणि शिडी घेऊन दारातच उभं केलं होतं.

अनंता कोपऱ्यात बसला. सुकन्या इंजिनाखाली पडून काहीतरी घट्ट करत होती. तिचे फक्त पाय दिसत होते.

वय कसं उतरवायचं याला काही शास्त्र नव्हतं. ते कोळणीच्या टोपलीवर भाव उतरतो तसं उतरू लागलं. एकाने पन्नास म्हटलं, कारण त्याचा भाऊ पन्नासचा होता. दुसऱ्याने अठ्ठेचाळीस म्हटलं, कारण त्याचा व्याही घरी बसून होता. मग केसरीनाथने सेहेचाळीस म्हटलं आणि भाव तिथेच थांबला. सेहेचाळीस हे त्याच्या मेहुण्याचं, विठूचं वय.

विठूची चाचणी आदल्या आठवड्यात झालेली होती. त्याने गाडी झोकात सुरू केली आणि थांबवायची कशी हे विचारायला मागे वळला. मागे पोरं होती, त्यांनी काही सांगितलं नाही. तेरा फेऱ्यांनंतर डिझेल संपलं तेव्हा गाडी थांबली. पोरं खूश होती.

अनंता म्हणाला, "शेठ, चोवीस करा."

सगळे इंजिनाखालच्या पायांकडे बघायला लागले. पाय हलायचे थांबले.

केसरीनाथ रागावला नाही. त्याने समजावणीच्या सुरात सांगितलं, "अनंता, माझ्या बापाचा शब्द हाय तो. पंचावन्नचं सेहेचाळीस केलं तरी मला दोन दिवस जेवण जायाचं न्हाय. चोवीस केलं तर बापूस सपनात येल."

"शब्द काय हाय तो बघू तरी. कागद काकींकडं आसंल."

हे बोलून झाल्यावर अनंताच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण तोवर सीताबाई उठल्या होत्या. सीताबाई भाऊंच्या पत्नी, केसरीनाथची आई. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या अक्षरातला प्रत्येक चिटोरा त्यांनी ट्रंकेत साड्यांच्या घडीत जपून ठेवलेला. त्यांनी घरी माणूस पिटाळला. कागद आला, त्याच्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास आला. चष्मा कोणाकडेच नव्हता, म्हणून सुकन्याला इंजिनाखालून बाहेर बोलावलं. तिचे हात ग्रीसने काळे झालेले, तेव्हा कागद सीताबाईंनीच तिच्यापुढे धरला.

सुकन्याने वाचलं. "चालकाचे कमाल वय पंचावन्न वर्षे. त्यापुढे नजर साथ देत नाही." मग तिने पहिली ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात, आणि वळून बापाकडे पाहिलं.

कमाल म्हणजे वरची हद्द, खालची नव्हे, हे एकमेकांना समजावून सांगण्यात बैठकीची पाच मिनिटं गेली. सहा वर्षांची भाषणं केसरीनाथला एकदम आठवली असावीत. तो उठून दारात गेला आणि त्याने सगळा राग रामदरसवर काढला. हे यानेच केलं, याच्यामुळे आपण सहा वर्षं बापाच्या नावावर खोटं बोललो. आता शेलारपासून पूर्णेपर्यंत एकाही गोदामाची पाटी याला मिळणार नाही.

रामदरसने शिडी भिंतीला टेकवली. "लिखा तो मैंने ही था, सेठ. तब मराठी कच्ची थी." एवढंच म्हणाला. अनंताकडे त्याने पाहिलंही नाही. विसरला होता की नाही, कोण जाणे.

अनंताचं काम इथे झालेलं होतं. कागद निघाला, खालची हद्द नाहीशी झाली, सुकन्याची वाट मोकळी. शाली सुरक्षित होत्या. फक्त गप्प बसायचं होतं, आणि इतकी वर्षं त्याला ते छान जमलं होतं.

त्याने रामदरसच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं. त्या ब्रशवर याचं घर चालतं.

"त्याची मराठी कच्ची नव्हती," अनंता म्हणाला. "माझी पक्की होती."

मग त्याने कटिंगपासून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर केसरीनाथने विचारलं, शालींचं काय? अनंता म्हणाला, त्यांची गोधडी झाली, उसवून देतो. विठू हसला आणि लगेच थांबला, कारण सीताबाई बोलणार होत्या.

"तवा तुला किती वर्सं होती?"

"सत्तावन्न."

"म्हंजे दोन वर्सांसाठी." सीताबाईंनी कागदाची घडी घातली. "मला येऊन सांगितलं आसतंस तर मी सत्तावन्न करून घेतलं आसतं. पण तुला खोटंच सांगाचं व्हतं. आता दर वर्सी पुण्यतिथीला केसरी भाषण कराचा न्हाय. तू उभा ऱ्हायाचं न् पोरांना हे खरं सांगाचं. जल्माची ड्युटी समज."

ट्रस्टला कमालच्या जोडीला किमानही हवं होतं, म्हणून रेल्वेचं अठरा उतरवून घेतलं. रामदरसने त्याच दुपारी नवी पाटी लिहिली. लिहिण्याआधी दोन्ही शब्द सुकन्याला दाखवून खात्री करून घेतली. अनंता शिडी धरायला पुढे झाला तर रामदरस म्हणाला, रहने दो चाचा, आप चाय पियो.

दिवाळीला सुकन्या गाडी घेऊन निघाली. अनंता अर्ध्या डब्यात बसला होता. फेरी इतक्या लवकर संपली की त्याला वाटलं, गाडी अजून सुटायची आहे. शेळी धावत्या गाडीत चढू शकली नाही, तिने नंतर बागेत येणंच सोडलं.

बापाशी सुकन्या आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने फक्त एक नियम घातला. पुण्यतिथीला अनंता गोष्ट सांगत असेल तेव्हा ती इंजिनावर बसणार, आणि तो खरं सोडून पुढे गेला की शिटी वाजवणार.

पहिल्या वर्षी शिटी एकदाही वाजली नाही. अनंताने मान खाली घालून होतं तेवढं सांगितलं, पोरं कंटाळली. दुसऱ्या वर्षी गोष्टीतली पाटी दुमजली घराएवढी झाली, तेव्हा दोनदा वाजली. तिसऱ्या वर्षी रामदरस जौनपूरहून चालत आला आणि वाटेत बारा भाषा विसरला. कटिंगची किटली झाली. काळी टाकी खरोखरच उठून चालू लागली. सुकन्याचा हात शिटीवरून निघेना, आणि सीताबाई पदर तोंडाला लावून पुढे काय म्हणून विचारत राहिल्या.

मालगाडीने भिवंडी रोडवरून उत्तर दिलं, ते त्या वर्षी.