रोजचा पोतारा

पार्बताबाईनं बोळा पांढऱ्या मातीच्या पाण्यात बुडवला, पिळला, भिंतीपर्यंत नेला आणि हात तसाच मागं घेतला.

भिंतीवरून अय्युब हसत होता.

कानांवर गुंडाळलेला दुपट्टा, त्यातून डोकावणारी बिडी आणि हसताना बारीक होणारा डावा डोळा. गेरूच्या मोजक्या रेघा आणि थोडी काजळी. पण माणूस असा उतरला होता की आता म्हणेल, 'भाभी, चाय तं पाज!'

"अवो," तिनं बाजेकडे पाहून हाक मारली, "हे पुसू काय?"

शालिकराम उताणा पडून आढ्याकडे पाहत होता. "रोजच तं पुसतं."

"पन हा अय्युब हाये."

"मले दिसून राहिलं."

कापूस वेचणीला जायला उशीर होत होता. तिनं बोळा बादलीत टाकला आणि शिदोरी उचलली. त्या सकाळी भिंतीला पहिल्यांदाच पोतारा बसला नाही.

शालिकराम आणि अय्युब ही विहिरीतल्या मोटारी काढणारी जोडी. अकोटच्या अलीकडच्या खेड्यांत कोणाची मोटर जळली की या दोघांना निरोप जायचा. एकानं खाली उतरायचं, दुसऱ्यानं वर दोर धरायचा. पाळी ठरलेली. त्या वैशाखात पाळी शालिकरामची होती, पण त्याचा गुडघा धरला होता, म्हणून अय्युब उतरला. विहीर कच्ची, पाणी आटलेलं, माती सुटलेली. वरची एक बाजू ढासळून खाली गेली आणि अय्युब आत गाडला गेला. दोर शालिकरामच्या हातात होता.

तेव्हापासून पाने-पकडी पोत्यात पडल्या आणि शालिकराम बाजेवर. ती वर्षंच तशी होती, गळफासांची. दिवसाउजेडी एखाद्या घरातून बाईचा टाहो उठायचा आणि कोणाच्या घरी हे विचारायच्या आधीच लोक धावत सुटायचे. असा आवाज आला की पार्बताबाई जिथं असेल तिथून आधी स्वतःच्या घराकडे पळायची. विहिरीचे दोर तिनं गुपचूप माहेरी, भावाकडे पाठवून दिले होते.

चित्राचं सुरू झालं ते नागपंचमीला. भिंतीवर नाग काढायचे असतात. दरवर्षी तीच काढायची. त्या वर्षी ती मनगट धरून बसली.

"लचकला वाट्टे हात. तुमीच काढा बा औंदा."

शालिकराम कुरकुरत उठला. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून त्यानं पाच नाग काढले आणि परत जाऊन पडला. लग्नाआधी तो पोळ्याला बैल रंगवायचा, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली,

"सामनेवाली हासून राहिली होती. मने, नाग होत का गांडूळ?"

"कोन मने?"

"मनाले काय, दिसते तसं मनलं तिनं."

समोरची बिचारी काहीच म्हणाली नव्हती. पण शालिकराम उठून बसला. "पुसून दे थे. नव्यानं काढतो."

देवाच्या दारात एवढं खोटं खपत असावं. कारण त्या दिवसापासून पार्बताबाईचा नेमच झाला. सूर्य उगवायच्या आधी गावाच्या कडेची पांढरी माती कालवायची, ओसरीच्या भिंतीचा दाराजवळचा तुकडा पोतारून घ्यायचा, करवंटीत गेरू भिजवायचा, दिव्यावर धरलेल्या पळीची काजळी खरवडून ठेवायची, बाभळीची काडी चावून तिचा कुंचला करायचा. मग निंदायला नाहीतर वेचायला जायचं. कंबर मोडून परत आली की आधी नजर भिंतीवर. कधी कोंबडी असायची, कधी अकोटची एसटी, कधी मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी बसतो तो नुसता एक फुटव्हॉल्व्ह.

"हे काय काढलं व माय? भोपया होय का?"

"फुटव्हॉल्व्ह हाये. तीस वर्सं झाले लग्नाले, अजून ओयखू येत नाई तुले!"

तो चिडला की तिला बरं वाटायचं. चित्र असलं म्हणजे आजचा दिवस सरला. सकाळी ते पुसायचं आणि पुढच्या दिवसाला जागा करायची. तिचं शरीर पार थकलं होतं. कधी बादलीशी बसल्या बसल्याच डोळा लागायचा. तरी एक सकाळ चुकली नव्हती.

आणि दिवाळी झाल्यावर त्यानं अय्युब काढला.

संध्याकाळी नसीमबानो आली. अय्युबची बायको. ती नि पार्बताबाई एकाच शेतात वेचायला जात. ओसरीत पाय ठेवला आणि तिथंच खाली बसली. चित्रातल्या दुपट्ट्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "बीडी लपवाची जागा बी तेच."

"पुसनार होती मी सकायी. हातच झाला नाई."

"नोको पुसू भाभी. घरी तं त्यायचा येकच फोटो, वोटिंगच्या कार्डावरचा. त्याच्यात चोर पकडल्यासारका दिसते मानूस." ती हसली आणि पदरानं नाक पुसलं. "आमच्यात तसबीर लावत नाईत. तुमच्या भितीवर हाये, चालते."

पार्बताबाईनं चित्राच्या वर टिनाचा तुकडा ठोकला, गळणारी वळचण बांधून घेतली. नसीमबानो रोज संध्याकाळी यायची, भिंतीसमोर बसायची आणि दिवसभराचं मनातल्या मनात सांगून जायची. पार्बताबाईला वाटलं, आपल्या हातून एक पुण्याचं काम होतं आहे.

करवंटीतला गेरू मात्र वाळला.

"दुसऱ्या भितीवर काढा ना," तिनं पलीकडची बाजू पोतारून दिली. शालिकराम काडी घेऊन बसला. एक रेघ ओढली, मान वळवून अय्युबकडे पाहिलं आणि काडी खाली ठेवली.

"त्याच्यापुढं आता काय काढू?"

दुसऱ्या दिवशी तो बसलाही नाही. मग जेवण अर्ध्यावर टाकायला लागला. एका दुपारी ती शेतातून घरी चक्कर टाकायला आली तर बाज रिकामी. गावभर शोधून शेवटी ती त्या ढासळलेल्या विहिरीशी पोचली. तो काठावर पाय सोडून बसला होता.

"चला घरी," ती लांबूनच म्हणाली. जवळ जायची भीती वाटली. "चला, भाकर थंडी होऊन राहिली."

तो उठला आणि मुकाट तिच्यामागं आला. वाटेत ती एकदाही मागं वळली नाही. फक्त त्याच्या चपलांचा आवाज ऐकत राहिली.

मार्गशीर्षातला सप्ताह लागला होता. मंदिराच्या भोंग्यातून कीर्तन अख्ख्या गावावर पसरायचं. मृदंगाची थाप पडली की चुलीपुढच्या बायांचे हातही त्या ठेक्यात चालायचे. पार्बताबाईचा एकही सप्ताह कधी चुकला नव्हता. यंदा त्याला एकट्याला टाकून जायचा धीर नव्हता, म्हणून ती ओसरीतल्या चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकत होती. नसीमबानो भिंतीसमोर बसली होती. शालिकराम आत तोंड फिरवून पडलेला.

बुवा रंगात आले होते. एका पुजाऱ्यानं एकदा देवाला अशी फुलं बांधली की पाहणारे थक्क झाले. दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढायला त्याचा हातच होईना. "तिसऱ्या दिवशी देवाले मुंग्या लागल्या बाप्पा! देव मने, आरे लेका, तुही कला पाहू का आंग खाजवू?"

भोंग्यातून हसण्याची लाट आली. नसीमबानोही हसली. हसत हसत तिनं वळून पाहिलं तर पार्बताबाई तव्यावरची भाकर करपेपर्यंत तशीच बसलेली.

"काय झालं भाभी?"

पार्बताबाईनं आतल्या बाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हा काढल्यापासून दुसरं काईच काढलं नाई त्यायनं. विहिरीवर जाऊन बसले होते."

"कोन्त्या?"

पार्बताबाईनं भिंतीवरच्या अय्युबकडे पाहिलं. नसीमबानोला कळलं. भोंग्यातून बुवांनी गजर धरला, झांजा वाढत गेल्या. मग नसीमबानो उठली आणि निघून गेली.

सकाळी पार्बताबाई दार उघडते तो ती ओसरीत हजर. बादलीत पांढरी माती कालवून झालेली.

"नसीम, राहू दे. तुले मंग काय राहीन?"

"बोया दे."

"मी सांगतो त्यायले समजावून..."

"भाभी, उद्या भाऊले काई झालं तं लोक मनतील, अय्युबनं बलावून नेलं." तिचा आवाज चढला नाही. "माहा मानूस असा नोता. सोता उतरला, पन याले उतरू देल्लं नाई त्यानं. बोया दे मले."

पार्बताबाईनं बोळा दिला.

नसीमबानोनं खालून सुरुवात केली. खांदा गेला, दुपट्टा गेला, बिडी गेली. डोळ्यांपाशी तिचा हात थांबला नाही. उलट जरा घाईनंच फिरला, दोनदा, तीनदा. ओल्या मातीखाली थोडा वेळ तांबूस झाक दिसत राहिली.

आवाजानं शालिकराम बाहेर आला. चौकटीला धरून उभा राहिला. भिंतीकडे पाहिलं, नसीमबानोच्या हाताकडे पाहिलं. भिंत सुकायला लागली तेव्हा तो पुढं झाला.

"पोताऱ्यात ढग राहिले मधात," तो म्हणाला. तिच्या हातातला बोळा घेऊन त्यानं कोपऱ्यापर्यंत सारखं करून घेतलं. मग मागं न वळताच बायकोला म्हणाला, "गेरू वायला वाट्टे. पानी टाक त्याच्यात."

दोघी वेचणीला गेल्या. दिवसभर ऊन मऊ होतं. दुपारी घराकडे चक्कर टाकायला पार्बताबाई आज गेली नाही. बांधावर बसून तिनं शिदोरी सोडली आणि नसीमबानोच्या हातावर पाणी ओतायला तांब्या उचलला.

नसीमबानोनं उजवा हात पाठीमागं घेतला. पांढरी माती मनगटापर्यंत वाळून तडकली होती, तिच्यात गेरूची तांबूस झाक होती.

"तू खा भाभी. मी येवढी ओळ काढून येतो."

ती कपाशीत शिरली आणि डाव्या हातानं कापूस वेचू लागली.