पाणी घालायचं नाही

वर्षाराणी डॉक्टर झाली तेव्हा गावातल्या चारदोन म्हाताऱ्यांनी तिच्यापुढं दुखरे गुडघे उघडे केले होते. ही डॉक्टर सुई देणारी नव्हे, झाडांची आहे, हे सांगता सांगता तिच्या वडलांच्या, व्यंकटरावांच्या, तोंडाला फेस आला. त्यावर कडी म्हणजे डॉक्टर होऊनही लेक नांदेडच्या विद्यापीठात शिकतच राहिली. त्याला पोस्टडॉक म्हणतात. गावानं तो शब्द ऐकून घेतला आणि पोरगी अजून पास व्हायची आहे, असा अर्थ काढला.

काम तसं सांगायला सोपं होतं. किनवटच्या जंगलात टेकडीवर ऐन असतो आणि खाली ओढ्याकाठी अर्जुन. ऐन कोरडं सोसतो, पण वाढायची त्याला घाई नसते. अर्जुन भराभर वाढतो, पण पाण्याशिवाय त्याचं पान हलत नाही. दोघं जवळपास असले की कधीमधी त्यांचा संकर होतो. पुढचे उन्हाळे आणखी कडक होणार, त्यात ही संकराची रोपं तगतील का, हा वर्षाराणीचा प्रश्न.

"म्हंजे हायब्रीड जवारीवानी," व्यंकटराव म्हणाले आणि अहमदपूरजवळच्या शेतातला मुरमाड तुकडा त्यांनी लेकीला देऊन टाकला. तिथं ऐन, अर्जुन आणि संकर अशा तीन रांगा लागल्या. पहिलं वर्ष पाणी द्यायचं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात थेंबही नाही. कोण मरतं आणि कोण राहतं तेच तर बघायचं होतं. तिचे मार्गदर्शक धम्मानंद सर चेष्टेनं म्हणायचे, "नाव वर्षाराणी आणि काम पाणी तोडायचं."

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात ती मोजमापाला आली आणि शेताच्या धुऱ्यावरच थबकली. जी रांग सगळ्यात आधी वाळायला हवी होती ती अर्जुनाची रांग बाळसं धरून उभी होती. रोपांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली की आपलं सगळं गणितच चुकलं? ती एका रोपापाशी खाली बसली आणि बुडाशी बोट खुपसलं. बोटाला चिखल लागला.

घरी सरजाबाई भाकरी थापत होत्या.

"आई, झाडांना पाणी कुणी घातलं?"

"मी." त्यांचा हात थांबला नाही.

"घालायचं न्हाई म्हणून सांगितलं होतं न मी?"

"सांगितलं होतंस की. पर वैशाखात माना टाकून उभे हायती ते, अन् आपल्या बोअरला पाणी हाय. नुसतं बघत बसू व्हय?"

"अर्जुनालाच घातलं का?" निदान दोन रांगा तरी हाताशी राहतील अशी वर्षाराणीला आशा होती.

"सगळ्यांला. पंगतीत एकाला वाढायचं अन् शेजारच्याला न्हाई, असं करत असतेत का कुठं?"

बाजेवर व्यंकटराव पेपर वाचत होते. एकच पान ते इतका वेळ वाचत होते की त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे कुणालाही कळलं असतं.

वर्षाराणीला राग आला, लई राग आला. परक्यानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पोस्टडॉकच्या मुदतीत आता एकच उन्हाळा उरला होता. तोही असाच गेला तर किनवटचे डोंगर तुडवल्याचं सांगण्यापलीकडं तिच्या हाती काही राहणार नव्हतं. हे तिनं रात्रीच्या जेवणाला आईला नीट समजावून सांगितलं. सरजाबाईंनी सगळं ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात मला पारूकडं लोह्याला धाड. हितं राहिले तर माझा हात थांबायचा न्हाई."

लग्न होऊन आल्यापासून सरजाबाईंनी एक उन्हाळा घराबाहेर काढला नव्हता. पण बोलल्या तसं त्यांनी केलं. चैत्र लागताच कुरडयांचा सोऱ्या पिशवीत घालून त्या धाकट्या बहिणीकडं, पार्वतीबाईंकडं, निघून गेल्या. व्यंकटराव खिचडी करायला शिकले आणि तीच दोन्ही वेळा खाऊ लागले. संध्याकाळी लोह्याहून फोन यायचा. आधी म्हशीची चौकशी, मग नवऱ्याची, आणि ठेवता ठेवता, "आन् ती लेकरं?"

"हायती," एवढंच व्यंकटराव सांगायचे.

ऊन असं तापलं की मुरमावर अनवाणी पाय ठरेना. अर्जुनाची पानं आधी करपली, मग काड्या राहिल्या. ऐन जिथल्या तिथं थिजून उभा राहिला. संकरानं निम्मी पानं टाकली. वर्षाराणीनं एकेकाची साल नखानं खरवडली, तर आत हिरवं! पुन्हा पुढचं, पुन्हा हिरवं. ती तिथंच उन्हात बसली आणि आनंदानं रडली. सरांना फोन लावला तर बोलायच्या आधी हुंदकाच गेला, आणि त्या भल्या माणसाला वाटलं की सगळं जळालं.

शेवटचं मोजमाप झालं त्या दिवशी सरजाबाई आल्या. कुरडयांचा डबा लेकीच्या हातात देऊन त्या घराकडं न वळता शेताकडं चालू लागल्या. वर्षाराणीनं त्यांना हौसेनं संकराची रांग दाखवली. त्यांनी एका रोपाच्या अंगावरून हात फिरवला. "गुणाची हायती," त्या म्हणाल्या. मग त्या अर्जुनाच्या रांगेशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ही गेली, आई. ही गेली म्हणूनच तर त्यांचं कळलं."

"तुझं मोजायचं झालं का सगळं?"

"झालं."

सरजाबाईंनी पदर खोचला, बोअरवरून घागर भरून आणली आणि पहिल्या काडीच्या बुडाशी ओतायला लागल्या.

"आई, आता काय उपयोग?"

"उपयोगाचं तुझं झालं की," सरजाबाई म्हणाल्या. "जाताना तोंडात पाणी तरी पडू दे."

या रांगेतली एकूणएक साल वर्षाराणीनं आपल्या हातानं खरवडून पाहिली होती आणि एकाही काडीत हिरवं उरलं नव्हतं. ती बोअरकडं गेली आणि दुसरी घागर भरून रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली.