पाव फेरा

बाबा गेल्यापासून गाडी पाणी प्यायला लागली, असं आई म्हणायची. पाणी म्हणजे बॉनेटखालच्या टाकीतलं हिरवं कूलंट. कधी पंधरवडाभर पातळी हलायची नाही, आणि मग एका सकाळी बघावं तर टाकी निम्मी. खाली फरशीवर मात्र डागसुद्धा नाही.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत रविकिरणचं गॅरेज होतं. देवश्री तिथे पुन्हा पुन्हा जाऊन आली. बाबांची गाडी तोच बघायचा. त्याने पंपाने दाब देऊन पाहिला, एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. सगळं कोरडं. डॉक्टरसमोर बसल्यावर खोकला थांबावा, तसं तिथे गेलं की गाडीला काहीच होत नसे. बाहेर गळत नाही म्हणजे इंजिन आतूनच पीत असणार, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडण्यात अर्थ नाही, असं शेवटी त्याने जड मनाने सांगितलं. "सरांनाही मी हेच सांगितलं असतं, अक्का."

धाकट्या भावाने, मकरंदने, कोरमंगल्यातल्या त्याच्या घरून फोनवर निकाल दिला: विकून टाक, ताई. गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. रविवारी दुपारी माणूस गाडी न्यायला येणार होता. आई हो म्हणाली. देवश्री एकटी असताना गाडी रस्त्यात बंद पडेल, याची तिला धास्ती होती. देवश्रीला गाडी जायला नको होती. पण ड्रायव्हरच्या सीटला अजून बाबांच्या पाठीचा खळगा आहे, हे काही मकरंदला सांगण्यासारखं कारण नव्हतं.

त्या रविवारी जानेवारीच्या थंडीने तिला पहाटेच जाग आली. अंथरुणात पडल्या पडल्या तिला बाबांची प्रयोगशाळा आठवली. विमानाच्या सुट्या भागांमधल्या भेगा शोधण्यात त्यांचा जन्म गेला. शाळेत असताना त्यांनी तिला एकदा तिथे नेलं होतं. धातूचा गुळगुळीत तुकडा, त्याला लाल रंग लावून पुसून काढलेला. मग त्यावर त्यांनी पांढरी भुकटी पसरली आणि म्हणाले, "आता हात लावायचा नाही. भेग आपली आपण दिसेल." आणि खरंच, त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटत गेली.

न्हाणीघराच्या फळीवर बाबांचा टाल्कम पावडरचा डबा होता तिथेच होता. आजवर त्याला कोणी हात लावला नव्हता. ती त्याच्याकडे बघत उभी असताना आई मागे येऊन थांबली. देवश्रीने काय करायचंय ते सांगितलं. आईने डबा काढून तिच्या हातात दिला.

"संपवू नको सगळा."

नळ्यांचे सांधे पुसून तिने प्रत्येकावर पावडर शिंपडली. आंघोळ करून आलेल्या बाबांचा वास बॉनेटखालून वर आला. मग तिने किल्ली फिरवली. गार इंजिन कुरकुरत सुरू झालं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आजवर सगळ्यांनी गळती शोधली ती तापलेल्या गाडीतच. पीण्याला पोहोचेपर्यंत रबर फुगून सांधा बंद होत असणार.

आईने मोबाइलचा उजेड धरला. रेडिएटरच्या वरच्या नळीच्या तोंडाशी, पांढऱ्यावर, एक हिरवा ठिपका आला. मोहरीएवढा. तो वाढत गेला, कडेला थरथरला, खालच्या लोखंडावर ओघळला. थोड्या वेळाने ते लोखंड तापलं असतं, थेंब वाळून गेला असता आणि मागे काही उरलं नसतं. लहानपणी लाल रेघेसमोर रोखला होता तसा देवश्रीने श्वास रोखला. पलीकडे विमानतळावरून एक विमान उडालं; दोघींपैकी कोणी मान वर केली नाही.

तिने इंजिन बंद केलं आणि वाकून पाहिलं. नळी आवळणारी क्लिप धुळीने काळी पडली होती. फक्त तिच्या स्क्रूची खाच नाण्यासारखी चकचकीत होती. कोणाचा तरी स्क्रूड्रायव्हर तिथे वर्षानुवर्षं फिरत आला होता.

"दर रविवारी," आई हळूच म्हणाली. "आंघोळीआधी. गाडी बघून येतो म्हणायचे. मला वाटायचं, पेपर वाचत बसतात."

"नवी नळी का नाही घातली मग?"

"ह्यांनी कधी काही टाकून दिलंय?"

स्क्रूड्रायव्हर डॅशबोर्डच्या खणात होता. देवश्रीने स्क्रू आवळला. तो पाव फेरा फिरला आणि थांबला. गळती बाबांच्या हयातीतही होती. दर रविवारी ते ती थांबवत होते, इतकंच.

तिने सांधा पुसून पुन्हा पावडर टाकली. इंजिन अजून गारच होतं. किल्ली फिरवली. दोघी बघत राहिल्या. पांढरं पांढरंच राहिलं.

उन्हं अंगणात आली तेव्हा आईने मकरंदला फोन लावला. तो झोपेत होता.

"त्या माणसाला कळव, येऊ नको म्हणावं," ती म्हणाली. मग देवश्रीकडे वळून, फोन कानाला तसाच ठेवून, "नळी उद्या बदलून आण. पण पुढच्या रविवारी गाडी बघायला मलाही उठव."