काटा अठ्ठ्याहत्तरवर

“बाबा, फोन धरा. व्हिडिओत वेगाचा काटा नीट दिसला पाहिजे,” साकेत म्हणाला. “कॅमेरा अजून चार-पाच किलोमीटरवर आहे. त्याच्याखालून जाताना मी बरोबर अठ्ठ्याहत्तर ठेवतो. मग बघू तो किती दाखवतोय.”

मी फोन धरला.

या एकाच कॅमेऱ्याने महिन्याभरात साकेतला दोन चलानं लावली होती. मर्यादा ऐंशीची, नोंद पंच्याऐंशीची. परवाना तीन महिने निलंबित का करू नये, हे सांगायला आज अकरा वाजता गुरुग्रामच्या कार्यालयात बोलावलं होतं. साकेत मानेसरच्या कारखान्यात पहाटेच्या शिफ्टला जातो. कंपनीची बस आमच्या दिल्लीतल्या द्वारकेपर्यंत येत नाही. परवाना गेला की नोकरीचंही काही खरं नव्हतं. दुसऱ्या चलानाच्या वेळी मी शेजारी बसलो होतो, म्हणून आज मी साक्षीदार. काटा ऐंशीच्या आत होता, एवढंच मी सांगायचं होतं.

आणि ते खरंही होतं. तीच तर अडचण होती.

“साकेत, आत्ता नको. आधी जरा हळू घे.”

“बाबा, प्लीज. आज तुमची काळजी नको.”

“काळजी नाही. तू मोठे टायर बसवलेस ना... चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते. काटा फेऱ्याच मोजतो, आणि वेग दाखवतो जुन्या चाकाच्या हिशेबाने.”

बोलता बोलताच मला शंका आली की मी उलटं तर सांगत नाही ना. रात्री तीनदा पडताळूनही ती शंका गेलेली नव्हती.

“टायरवाल्याने सांगितलंय, काही फरक पडत नाही. तो वीस वर्षं हेच करतोय, यार.”

“मी मोजलंय. मागची स्टेपनी जुन्याच मापाची आहे. नाडीने दोन्ही चाकांचे घेर घेतले. जवळजवळ वीतभर फरक आहे.”

“नाडीने?”

“नव्या पायजम्याच्या.”

तो हसला, पण काटा अठ्ठ्याहत्तरवरच होता. “कधी मोजलंत?”

“मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी.”

त्याचं हसू गेलं. दुसरं चलान त्या रविवारनंतरच्या गुरुवारचं होतं.

“म्हणजे गुरुवारी तुम्ही इथेच बसला होतात, तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही गप्प बसलात?”

“चिठ्ठी लिहून ठेवली होती. गाडीच्या पुस्तिकेत, टायरच्या पानावर.”

“मॅन्युअल कोण वाचतं, बाबा?”

मी एकतीस वर्षं एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात काढली. पुस्तकात खूण ठेवली की कोणाला तरी ती सापडते, असं मला अजून वाटतं. शिवाय माझा हिशेब चुकला असता तर तोंडावर पडायला नको, हेही होतंच. समोरच्या खणातून पुस्तिका काढली. चिठ्ठी जिथल्या तिथे होती.

“काटा साठवर ठेव,” मी म्हणालो. “साठला एक किलोमीटर जायला साठ सेकंद लागायला हवेत. कडेच्या दगडांवरून मोजू. कमी लागले तर गाडी काट्यापेक्षा जोरात पळतेय, नाहीतर मी चुकलो. मग तुझा व्हिडिओ काढतो.”

त्याने गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेऊन वेग उतरवला. मागून ट्रकचा हॉर्न वाजला. पहिला दगड आला, मी फोनवरचं घड्याळ सुरू केलं, आणि दुसऱ्या दगडाशी अंगठा भलतीकडेच पडला.

“बाबा.”

“परत. परत घेऊ.”

“आता दोनच दगड उरलेत, मग लगेच कॅमेरा आहे.”

या वेळी फोन मांडीवर दाबून धरला आणि पुढच्या दगडाशी घड्याळ सुरू केलं. काटा हलत नव्हता. शेवटचा दगड दिसला, जवळ आला, मागे गेला. अंगठा बरोबर पडला.

“किती?”

“पंचावन्न.”

लोखंडी कमानीवरचा कॅमेरा समोर दिसू लागला होता. साकेतने काटा साठच्याही खाली आणला आणि आम्ही त्याच्याखालून गेलो.

“म्हणजे काटा अठ्ठ्याहत्तर, तेव्हा...”

“पंच्याऐंशी.”

कार्यालयाच्या आवारात गाडी लावल्यावर त्याने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. “आत मी काय सांगू? मला तर कॅमेऱ्याला खोटं पाडायचं होतं.”

“मी सांगतो,” मी म्हणालो, आणि लगेच पश्चात्ताप झाला. दिल्लीत इतकी वर्षं काढूनही अनोळखी माणसासमोर हिंदी बोलताना माझी जीभ अडखळते.

अधिकारी चाळिशीच्या बाई होत्या. “बताइए,” त्या फाइलीतून मान वर न करता म्हणाल्या. मी खिशातून नाडी काढून टेबलावर पसरली. एक शाईची खूण, एक गाठ.

बाईंनी खुणेपासून गाठीपर्यंत नजर नेली. “ये क्या है?”

“पजामे की... मतलब, टायर का नाप है, मैडम. यहाँ तक पुराना. यहाँ तक नया.”

पुढचं हळूहळू जमलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग विचारलं, “आपको कब से पता था?”

साकेत माझ्याकडे बघत होता. आज सकाळी कळलं, असं म्हटलं असतं तर कोणी तपासलं नसतं.

“दस दिन से,” मी म्हणालो. “दूसरा चालान मेरी गलती है. मैंने बताया नहीं.”

“गाड़ी आप चला रहे थे?”

“नहीं.”

“तो गलती इनकी है,” त्या म्हणाल्या आणि फाइलीवर काहीतरी लिहू लागल्या. “शुक्रवार तक पुराने साइज़ के टायर लगवाकर गाड़ी दिखाइए. लाइसेंस का फ़ैसला उसके बाद.”

बाहेर आल्यावर साकेतने नाडी माझ्या हातातून घेतली, गुंडाळली आणि गाडीच्या खणात पुस्तिकेवर ठेवली.

“टायर मापायला ही शुक्रवारपर्यंत लागेल,” तो म्हणाला. “आणि बाबा, बोला. वेळेवर.”

परतताना काटा पन्नासवर होता. मागचे ट्रक सारखे हॉर्न देत होते.