पाच वेळचं दूध

माझा हातिम अडीच वर्षांचा झाला तरी मी त्याला अंगावर पाजत होते, आणि त्यावरून गल्लीत मला कोणी सोडलं नाही. शेजारणी विचारायच्या, मिसरूड फुटेपर्यंत पाजणार का? माझा नवरा बूशता टॅक्सी चालवतो, त्याच्या जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, हा एका हातात भाकरी घेऊन येतो आणि वर दूध मागतो, खाणावळ समजलाय. मी ऐकून घ्यायचे. हातिमला दुधाची गरज नव्हती हे मलाही कळत होतं. मला दूध आटू द्यायचं नव्हतं, एवढंच.

माझा मोठा भाऊ मिलूद आणि बहिजावहिनी फ्रान्समध्ये, लीलला राहतात. लग्नाला सोळा वर्षं झाली, मूल नाही. ते दोघं तिकडे एका मुलीची वाट पाहत होते आणि ती मुलगी इथे, आमच्या मेकनेस शहरातल्या अनाथालयात होती. तिचं नाव सुंदुस. जन्मली त्याच दिवशी आई तिला इस्पितळात सोडून गेली. यांनी अर्ज केला तेव्हा ती सात महिन्यांची होती. मग कागद सुरू झाले. पगाराचा दाखला, पोलिसांचा दाखला, घर बघून गेलेल्या बाईचा अहवाल. एक कागद हातात येईपर्यंत आधीचा शिळा व्हायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे तर दोन सरकारं होती. वहिनीने लीलमध्ये तिच्यासाठी बूट घेतले, मग पुढच्या मापाचे घेतले, मग त्याच्याही पुढचे. न घातलेले तीन जोड कपाटात पडले.

आमच्यात दुसऱ्याचं मूल वाढवावं, पुण्य आहे. पण त्याला आपलं कूळ देता येत नाही. मुलगी मोठी झाली की वाढवणारा बाप तिला शास्त्राने परका. याला उपाय एकच, दुधाचं नातं. मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत मिलूदच्या बहिणीने त्याला आपलं दूध पाजायचं. मग मी दूधआई आणि मिलूद तिचा मामा. मामाला कोण परका म्हणेल?

वहिनीला हे पटत नव्हतं. माया असली की पुरे, ती म्हणायची. मिलूद फार बोलणारा माणूस नाही, पण एकदा फोनवर बोलला.

"हनिया, आमच्या इमारतीत एक जण आहे. अशीच मुलगी आणली. तेरा वर्षांची झाली आणि एक दिवस त्याच्यासमोर डोकं झाकून आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं, हा तुझा कोणी नाही म्हणून. तो माणूस जिन्यात बसून रडत होता. मला तसलं नको. ती मला कधीही बिलगू शकली पाहिजे."

मी म्हणाले, दादा, तू कागद आण, दूध माझ्याकडे आहे. म्हणायला काय जातं. त्यानंतर दीड वर्ष मी शरीराला सुट्टी दिली नाही. अनाथालयात जाऊन विचारलंही, तिला इथेच येऊन पाजू का? मी मूल पळवायलाच आलेय अशा नजरेने तिथल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टाचा हुकूम आणा, म्हणाल्या.

अखेर हुकूम निघाला. पंचवीस ऑक्टोबरला मुलगी ताब्यात मिळणार होती आणि तिला दोन वर्षं नऊ नोव्हेंबरला पूर्ण होत होती. पंधरा दिवस हातात. मिलूद आणि वहिनी महिनाभर आधीच येऊन आमच्याकडे राहिले. मिलूद खुशीत मशिदीत शास्त्र सांगणाऱ्या फकीहसाहेबांना सांगायला गेला आणि पांढरा पडून परत आला. फकीहसाहेबांनी तारीख विचारली आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली होती. दोन वर्षं चंद्राची धरायची, भिंतीवरच्या सरकारी कॅलेंडरची नाही. चंद्राची दोन वर्षं बावीस दिवसांनी लहान. म्हणजे मुदत अठरा ऑक्टोबरलाच संपत होती. आम्ही सगळे रमजान चंद्राने मोजतो, ईद चंद्राने मोजतो, आणि या पोरीचं वय तेवढं फ्रान्सच्या ऑफिसने छापलेल्या कागदावरून मोजत बसलो. मी मिलूदवर तोंड टाकलं. मग आठवलं की मीही तेच मोजत होते.

दुसऱ्या दिवसापासून मिलूद रोज सकाळी कोर्टाच्या दारात, तारीख अलीकडे आणा म्हणून. कारकून म्हणायचा, न्यायाधीशसाहेबांना वेळ नाही. पाचव्या दिवशी मी गेले. तिथे फायलींवर एक पोक्त बाई होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "दूध अजून आहे?" मी म्हणाले, आहे. त्यांनी फाइल ढिगाच्या वर ठेवली. चौदा तारखेला सुंदुस आमच्या घरी आली.

मी काय काय ठरवून ठेवलं होतं! आंघोळ केली, नवा कफ्तान घातला, पोरीला मांडीवर घेतलं. तिने अंग ताठ केलं. मी छातीशी धरलं तर तिने मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिली. रडली नाही. हातिमला नको असेल तर तो घर डोक्यावर घेतो. हिने हूं की चूं केलं नाही, नुसती लाकडासारखी पडून राहिली. तीनदा प्रयत्न केला. वहिनी दारात उभी होती, तिच्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिलूदने फकीहसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, बाटली अजून सुटलेली नाही ना? मग काढून बाटलीतून पाजा, दूध पोटात गेलं म्हणजे झालं. खरं तर एकदाच पुरे, पण पाच वेळा पाजा, उद्या कोणी शंका काढायला नको. मी दूध काढलं, बाटली भरली आणि वहिनीने तिला मांडीवर घेतलं. पुन्हा तेच. पोर हळूच घसरून खाली उतरली, बाटली घेतली, भिंतीपाशी गेली, आमच्याकडे पाठ करून फरशीवर आडवी झाली आणि एकटीच, दोन्ही हातांनी धरून प्यायली.

वहिनी म्हणाली, "तिला कोणी घेऊन पाजलंच नाही गं. उशीला टेकवून देत असतील." अनाथालयात चाळीस पोरं आणि बाया पाच. कोणाला दोष देणार? पण मला राग आला. एवढं जपलेलं दूध, आणि ते पाजायला माझी मांडी नको होती.

चार दिवसांत पाच बाटल्या झाल्या. पाचही तिने तशाच भिंतीकडे तोंड करून संपवल्या. दर वेळी वहिनी तिच्यामागे हातभर अंतरावर फरशीवर आडवी व्हायची. हात लावायची नाही, बोलायची नाही. मी म्हणाले, वहिनी, फरशी गार आहे, पाठ धरेल. ती म्हणाली, धरू दे. सतरा तारखेला संध्याकाळी पाचवी बाटली रिकामी झाली आणि मिलूद लहान मुलासारखा रडला. गल्लीत खजूर वाटले. सगळे मला मिठ्या मारत होते, दूधआई, दूधआई म्हणत होते, आणि मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

अठरापासून मी दूध काढणं थांबवलं. हातिमचंही तोडलं. त्याने दोन दिवस कांगावा केला आणि विसरला. मला मात्र छाती दुखून ताप आला. अंथरुणाला खिळून होते म्हणून सुंदुसची पुढची बाटली वहिनीने भरली, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पिशवीतल्या दुधाची.

दुपारी पाणी प्यायला उठले तर बैठकीचं दार उघडं होतं. दोघी नेहमीच्या जागी फरशीवर होत्या. सुंदुसचं तोंड भिंतीकडेच होतं. ती पिता पिता थोडी मागे सरकली. थांबली. पुन्हा सरकली. असं करत करत तिची पाठ वहिनीच्या पोटाला टेकली, आणि ती तशीच पीत राहिली.

मला हेवा वाटला, अगदी खरा. माझ्या पाच बाटल्यांनी मिलूद मामा झाला. वहिनीला माझ्या दुधाची काही गरज पडली नाही.

मिलूद व्हिसाच्या कागदासाठी काहीतरी विचारत आत येत होता, मी त्याला हाताने अडवलं. वहिनीचा एक हात तिच्याच अंगाखाली अडकला होता. मी खुणेने विचारलं, उशी देऊ का? तिने मान हलवली, नको. बाटली संपून पोर झोपली, तरी ती हलली नाही.